अभिजात आणि रोमँटिक चित्रशैली

१८२४ सालीं पॅरिस येथें लूव्र राजवाड्याच्या दालनांतून जें सरकारी चित्रप्रदर्शन भरलें, त्यांतील दोन चित्रांवरून कलावंत आणि टीकाकार यांच्यांत उघड उघड दोन तट पडले. या प्रदर्शनाला फ्रेंच लोक 'सालों' म्हणत. तेथें चित्र लागल्यावांचून चित्रकाराचें नांव होत नसे व सरकारी काम मिळत नसे. त्यामुळें तेथील वाद हा नुसत्या आवडीनिवडीचा वाद नव्हता, पोटापाण्याचा आणि मानमरातबाचाही होता. पहिलें चित्र अँग्र याचें. 'तेराव्या लुईचा नवस' हें त्याचें नांव. गुडघे टेकलेला राजा आपला मुकुट व राजदंड मेरीमातेला अर्पण करीत आहे, वर मेघांवर ती बालकासह विराजमान आहे, आणि सर्व कांहीं जेथल्या तेथें, स्वच्छ, शांत, कोरून काढल्यासारखें आहे. दुसरें चित्र देलाक्र्वा या २६ वर्षांच्या तरुणाचें, 'किऑस येथील कत्तल'. अवघ्या दोन वर्षांपूर्वीं, १८२२ सालीं, तुर्की सैन्यानें किऑस या ग्रीक बेटावर जो संहार केला त्याचें हें चित्र. त्यांत वीर नाहीं, विजय नाहीं, मधोमध कोणी मुख्य माणूसही नाहीं. थकलेलीं, जखमी, मरणाची वाट पाहणारीं माणसें जमिनीवर पडलीं आहेत. मेलेल्या आईच्या छातीशीं एक तान्हें मूल धडपडत आहे. आणि एका बाजूस उधळलेल्या घोड्याला एका स्त्रीला बांधून एक स्वार तिला नेत आहे.

ग्रो नांवाच्या मान्यवर चित्रकारानें हें चित्र पाहून, ही किऑसची नव्हे, चित्रकलेचीच कत्तल आहे, अशा अर्थाचे उद्गार काढले असें सांगतात. या ग्रोची कथा पुढें यावयाची आहे. ती ऐकल्यावर हे उद्गार कोणाच्या तोंडून निघाले याचें नवल वाटेल.

नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं, ही अडचण खरी. परंतु ज्या चित्रांचा येथें उल्लेख होणार आहे त्यांच्या छापील प्रती कोणत्याही बऱ्या ग्रंथालयांत मिळतील. तोंवर श्रोत्यांनीं तीं कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावीं.

प्रथम नांवांचा उलगडा केलेला बरा. 'क्लासिकल' या शब्दाला मराठींत 'अभिजात' हा शब्द रूढ आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत युरोपांत प्राचीन ग्रीस व रोम यांच्या कलेला पुन्हां गुरुस्थानीं बसविण्यांत आलें, म्हणून त्या शैलीला 'नव-अभिजात' म्हणतात. हें नांव त्या चित्रकारांनीं स्वतः धारण केलेलें नव्हे. तें मागाहून पडलें. 'रोमँटिक' हा शब्द मध्ययुगांत देशी भाषांतून ज्या अद्भुत कथा रचल्या जात, त्यांच्या 'रोमान्स' या नांवावरून आलेला आहे. आज आपल्याकडे हा शब्द केवळ प्रेमप्रकरणाला लावतात. तो अर्थ येथें मनांतून अजिबात काढून टाकावा. उपाशी माणसांनीं भरलेला तराफा हें रोमँटिक चित्रकलेचें एक मुख्य चित्र आहे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुरे.

नव-अभिजात शैलीच्या आधींच्या पिढींत फ्रेंच दरबाराची आवड नाजुक, गुलाबी आणि लडिवाळ होती. बूशे व फ्रागोनार हे त्या काळचे लाडके चित्रकार. ढगांत लोळणारे गुबगुबीत मदन आणि झोपाळ्यावरच्या सुंदरी पाहून विचारी लोकांना वीट येऊं लागला होता. त्याच सुमारास इटलींत व्हेसुव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकानें इ. स. ७९ मध्यें गाडलीं गेलेलीं शहरें उकरण्याचें काम सुरू झालें; हर्क्युलेनिअम येथें १७३८ पासून व पाँपेई येथें १७४८ पासून. प्राचीनांचीं घरें, भांडीं, भिंतीवरचीं चित्रें प्रत्यक्ष डोळ्यांस दिसूं लागलीं. विंकेलमान या जर्मन पंडितानें १७५५ मध्यें एक लहानसा निबंध व १७६४ मध्यें प्राचीन कलेचा मोठा इतिहास लिहून असें प्रतिपादन केलें कीं, ग्रीक मूर्तीचें मोठेपण तिच्या साधेपणांत व संयमांत आहे. ती दुःखांतही तोल सोडीत नाहीं. आधुनिकांना थोर व्हावयाचें असेल तर त्यांनीं ग्रीकांचेंच अनुकरण केलें पाहिजे, हा त्याचा उपदेश.

येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विंकेलमाननें ज्या मूर्ति पाहिल्या त्या बहुतेक ग्रीक मूर्तींच्या रोमन नकला होत्या, आणि त्यांचा संगमरवर पांढराशुभ्र दिसत होता. मूळच्या ग्रीक मूर्ति रंगविलेल्या असत, हें पुढील संशोधनानें निर्विवाद ठरलें आहे. रंग काळाच्या ओघांत उडून गेला होता इतकेंच. आकार श्रेष्ठ आणि रंग दुय्यम, या सिद्धांताला जो आधार मिळाला तो बराचसा पावसापाण्यानें धुऊन निघालेल्या दगडाचा होता! पण सिद्धांत टिकला, आणि दूरवर पसरला. १८५७ मध्यें मुंबईस स्थापन झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंतही विद्यार्थ्यांना अशाच मूर्तींच्या प्लॅस्टरच्या पांढऱ्या प्रतिकृति समोर ठेवून रेखाटन शिकविलें जात असे.

या शैलीचा अध्वर्यु म्हणजे झाक लुई दाव्हिद. जन्म पॅरिसचा, साल १७४८. रोमला जाऊन शिकण्यासाठीं सरकारी बक्षीस असे. तें त्याला कित्येक वेळां अपयश आल्यावर १७७४ मध्यें मिळालें. पुढें राजाच्या खात्यानें त्याला एक मोठें चित्र सांगितलें. तें काढण्यासाठीं तो मुद्दाम पुन्हां रोमला गेला, ठरल्यापेक्षां मोठा कॅनव्हास त्यानें घेतला, आणि १७८४ मध्यें 'होरेशियांची शपथ' हें चित्र पुरें केलें. सुमारें ११ फूट उंच आणि १४ फूट रुंद असें हें चित्र १७८५ च्या सालोंमध्यें लागलें, तेव्हां जुन्या गुलाबी चित्रांचे दिवस भरले असें जाणत्यांनीं ओळखलें.

कथा रोमच्या आरंभकाळची. रोम आणि शेजारचें आल्बा यांचें युद्ध जुंपलें. तें दोन्हीकडच्या तीन तीन वीरांनीं लढून मिटवावें असें ठरलें. रोमकडून होरेशिअस घराण्यांतील तीन भाऊ, आल्ब्याकडून क्युरिएशिअस घराण्यांतील तीन भाऊ. पण हीं घराणीं सोयरीं होतीं. होरेशियांची बहीण कॅमिला हिचा वाङ्निश्चय शत्रूकडील एका भावाशीं झालेला, आणि होरेशियांपैकीं एकाची बायको सबायना ही त्या शत्रूंचीच बहीण. कोणीही जिंकलें तरी घरांत रडणें ठरलेलें. लढाईंत पांच मेले, एक होरेशिअस जिवंत परतला, आणि मेलेल्या वराकरितां रडणाऱ्या कॅमिलेला त्यानें स्वतःच्या हातानें ठार मारलें.

दाव्हिदनें यांतील लढाई चितारली नाहीं, बहिणीचा वधही चितारला नाहीं. त्यानें शपथेचा क्षण निवडला. आणि हा क्षण जुन्या इतिहासकारांनीं वर्णिलेलाच नाहीं, तो त्याच्या कल्पनेंतला. मागें तीन साध्या कमानी. डाव्या कमानीपुढें तीन भाऊ, पाय रोवून, हात पुढें करून, एकमेकांस चिकटून एकाच देहासारखे उभे. मधल्या कमानीपुढें बाप, हातांत तीन तरवारी वर धरून. उजव्या कमानीपुढें स्त्रिया, माना टाकून बसलेल्या. पुरुषांच्या देहांत सर्वत्र ताठ सरळ रेषा. स्त्रियांच्या देहांत सर्वत्र वळणें. नजर फिरून फिरून बापाच्या त्या मुठीशीं येते, कारण खोलींतील फरशीच्या व भिंतींच्या रेषा तिकडेच वळविल्या आहेत. पार्श्वभूमि काळोखी आहे, म्हणजे डोळ्याला भटकण्यास जागाच ठेवलेली नाहीं. कुंचल्याचा फटकारा कोठें दिसत नाहीं. रंगाचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत आहे. चित्रकाराचा हात दिसूं नये, केवळ विषय दिसावा, असा हा आग्रह आहे.

इतकें सारें शिस्तींत बसवूनही दाव्हिदनें मागल्या बाजूस एक लहानशी फट ठेवली आहे. स्त्रियांच्या मागें काळ्या वस्त्रांतली एक बाई दोन मुलांना जवळ घेऊन बसली आहे, आणि त्यांतला थोरला मुलगा तिच्या बोटांआडून पुरुषांकडे टक लावून पाहत आहे. पुढच्या युद्धासाठीं तयार होणारा होरेशिअस तो हाच. या चित्राला पुढें क्रांतीचें भाकित मानण्यांत आलें. परंतु तें राजाच्या पैशानें काढलेलें आहे आणि राज्यक्रांति तेव्हां चार वर्षें दूर होती, हें विसरूं नये. देशापुढें घर गौण, हा त्यांतील अर्थ राजालाही चालणारा होता. तो मागाहून दुसऱ्यांनीं उचलला.

स्वतः दाव्हिदनेंही तो उचलला. राज्यक्रांतींत तो राष्ट्रीय सभेचा सभासद झाला, जानेवारी १७९३ मध्यें त्याच राजाच्या देहांतशिक्षेच्या बाजूनें त्यानें मत दिलें, आणि त्याच वर्षीं मारा या क्रांतिपुढाऱ्याच्या खुनाचें त्याचें प्रसिद्ध चित्र झालें. १७९४ मध्यें तो तुरुंगांत पडला. सुटल्यावर नेपोलियनचा चित्रकार झाला. नेपोलियन गेल्यावर १८१६ मध्यें हद्दपार होऊन ब्रुसेल्स येथें जाऊन राहिला. १८२५ सालीं तो तेथेंच वारला, आणि त्याचें प्रेतही फ्रान्समध्यें आणूं देण्यांत आलें नाहीं. कर्तव्य कठोर असतें असें शिकविणाऱ्या या माणसाला त्याची किंमतही पुरेपूर द्यावी लागली.

हद्दपारीस जातांना दाव्हिदनें आपली चित्रशाळा व शिष्य ज्याच्या हवालीं केले, तोच वर उल्लेखिलेला ग्रो. जन्म १७७१. गुरूवर त्याची निष्ठा अढळ होती, परंतु हात मात्र दुसरीकडेच ओढ घेत असे. १८०४ मध्यें त्यानें 'याफा येथील प्लेगच्या रोग्यांमध्यें बोनापार्ट' हें प्रचंड चित्र काढलें. विषय १७९९ च्या स्वारींतला. नेपोलियन एका रोग्याच्या गांठीला उघड्या हातानें स्पर्श करीत आहे. नेपोलियननें आपल्याच आजारी शिपायांना विष देवविलें अशी जी बोलवा होती, तिला उत्तर म्हणून हें चित्र करून घेण्यांत आलें. तेव्हां तें एका परीनें प्रचारच आहे. परंतु प्रेक्षकाला नेपोलियनपेक्षां पायथ्याशीं पडलेले रोगी अधिक दिसतात. काळवंडलेलीं शरीरें, वेडसर नजरा, आणि पलीकडे परक्या पूर्वेकडील कमानी व ऊन. १८०८ च्या 'आयलाऊचें रणांगण' या चित्रांत तर अगदीं पुढें बर्फांत गोठलेल्या प्रेतांचा ढीग आहे. गुरूच्या चित्रांत मरणसुद्धां नीटनेटकें असे. शिष्याच्या चित्रांत तें ओंगळ झालें. नवी पिढी शिकली ती या चित्रांवरून.

त्या पिढींतला पहिला मोठा चित्रकार जेरिको, जन्म १७९१. त्याचें 'मेदुसाचा तराफा' हें चित्र ज्या घटनेवर आहे ती प्राचीन नव्हती, पौराणिक नव्हती. ती वर्तमानपत्रांत आली होती. २ जुलै १८१६ रोजीं मेदुसा हें फ्रेंच सरकारी जहाज आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत वाळूच्या बांधावर रुतलें. कप्तान राजाच्या मर्जींतला, परंतु त्याला समुद्रावर जाऊन वीस वर्षें होऊन गेलेलीं. जहाजावरील सुमारें ४०० माणसांना होड्या पुरेनात, तेव्हां फळ्या व डोलकाठ्या बांधून एक तराफा केला आणि त्यावर सुमारें १५० माणसें चढविलीं. होड्यांनीं तो ओढून न्यावयाचा होता. थोड्याच वेळांत होड्यांवाल्यांनीं दोर सोडून दिले. तेरा दिवस तो तराफा समुद्रावर होता. तहान, मारामाऱ्या, वेड, आणि शेवटीं मेलेल्यांचें मांस खाणें, हें सर्व त्यावर घडलें. आर्गस नांवाच्या जहाजाला तो सांपडला तेव्हां १५ माणसें जिवंत होतीं. त्यांतील साव्हिन्यी हा वैद्य व कोरेआर हा इंजिनिअर या दोघांनीं १८१७ मध्यें सगळी हकीकत छापली, आणि सरकारची अब्रू चव्हाट्यावर आली.

जेरिकोनें या दोघांची गांठ घेतली, वांचलेल्या सुताराकडून तराफ्याची लहान प्रतिकृति करवून घेतली, इस्पितळांत जाऊन मरणोन्मुख रोग्यांचीं व प्रेतांचीं रेखाटनें केलीं, आणि बाहेर जाण्याचा मोह होऊं नये म्हणून डोकें भादरून घेऊन चित्रशाळेंत कोंडून घेतलें. १६ फूट उंच आणि २३ फूट रुंद असें तें चित्र १८१९ च्या सालोंमध्यें 'जहाजफुटीचा देखावा' अशा मोघम नांवानें लागलें. पण कोणतें जहाज, हें कोणाला सांगावें लागलें नाहीं. एवढा आकार तोंवर देव, राजे व प्राचीन वीर यांच्यासाठीं राखलेला असे. निनांवी खलाशांना तो देणें, हाच मोठा अपराध होता.

जेरिकोनें निवडलेला क्षण दाव्हिदच्या क्षणाशीं ताडून पाहावा. क्षितिजावर आर्गस एखाद्या ठिपक्यासारखें दिसतें आहे. कांहीं माणसें एकमेकांवर चढून वस्त्रें हालवीत आहेत. सर्वांत वर एक काळा माणूस पाठमोरा उभा आहे. खालीं डाव्या बाजूस एक वृद्ध मांडीवर मेलेल्या मुलाला घेऊन, आशेकडे पाठ करून बसला आहे. आणि शीड वाऱ्यानें फुगलें आहे तें जहाजाच्या उलट दिशेस! प्रत्यक्षांतही त्या वेळीं आर्गस दिसलें आणि दिसेनासें झालें. सुटका झाली ती कांहीं तासांनीं. दाव्हिदच्या चित्रांत माणसें ठरवितात. जेरिकोच्या चित्रांत माणसांचें काय होणार हें समुद्र आणि वारा ठरवितात. दाव्हिदची रचना कमानींच्या चौकटींत स्थिर आहे, ही कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे तिरकी चढत जाते, आणि प्रेक्षकाच्या पायाखालचा तराफाच हालत आहे असें वाटतें.

परंतु या चित्रालाही जुन्या शाळेचा पाया आहे, ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. तेरा दिवसांचे उपाशी लोक असे असतात काय? त्यांचीं शरीरें पीळदार आहेत, मूर्तिकारानें घडविल्यासारखीं. जेरिकोनें इटलींत मायकेलअँजेलोचा अभ्यास केला होता, तो लपत नाहीं. त्याच्या विषयानें जुने नियम मोडले, हातानें ते पाळले. एक मात्र त्याच्याकडून फार वाईट झालें. गडद छाया साधण्यासाठीं त्यानें डांबरासारखा जो काळा रंग वापरला, तो कधीं नीट सुकत नाहीं आणि दिवसेंदिवस काळवंडतो. त्यामुळें आज या चित्राचे कांहीं भाग अंधारांत बुडाले आहेत. दाव्हिदचीं सावकाश, पातळ थरांत केलेलीं चित्रें त्यामानानें खणखणीत राहिलीं. जेरिको जानेवारी १८२४ मध्यें, वयाच्या ३२ व्या वर्षीं वारला.

त्याच तराफ्यावर तोंड खालीं करून पडलेल्या एका माणसासाठीं तरुण देलाक्र्वा नमुना म्हणून बसला होता. जेरिकोनें जें विषयाच्या बाबतींत केलें तें देलाक्र्वानें रंगाच्या बाबतींत केलें. जुन्या पद्धतींत आधीं रेखाटन पक्कें होई. दाव्हिद तर आकृति प्रथम विवस्त्र काढी, मग तिच्यावर वस्त्र चढवी. रंग हा शेवटीं त्या रेखाटनांत भरावयाचा. छाया म्हणजे तोच रंग अधिक तपकिरी केलेला. देलाक्र्वाला दिसलें कीं छायेलाही स्वतःचा रंग असतो. १८२४ च्याच सालोंमध्यें इंग्रज चित्रकार कॉन्स्टेबल याचीं निसर्गचित्रें आलीं होतीं, आणि तीं पाहून देलाक्र्वानें आपलें किऑसचें चित्र पुन्हां हातीं घेऊन रंगविलें असें म्हणतात. कुरणाचा हिरवा रंग एकच नसून त्यांत अनेक हिरवे शेजारीं शेजारीं ठेवलेले असतात, ही कॉन्स्टेबलची युक्ति त्यानें पुढें आपल्या रोजनिशींतही टिपून ठेवली. कुंचल्याचे फटकारे त्यानें पुसून टाकले नाहींत. दुरून ते एकजीव होतात, जवळून धडधडतात.

फ्रान्सबाहेर ही वृत्ति निरनिराळीं रूपें घेऊन प्रकटली. स्पेनमध्यें गोया यानें १८१४ मध्यें फ्रेंच सैनिकांच्या गोळ्यांना बळी पडणाऱ्या माद्रिदच्या सामान्य लोकांचें चित्र काढलें. जर्मनींत फ्रीडरिख यानें अफाट समुद्राकांठीं एकटाच उभा असलेला लहानसा संन्यासी दाखविला, आणि इंग्लंडांत टर्नरनें धुकें, वाफ व प्रकाश यांत जहाजें विरघळवून टाकलीं. या तिघांची शैली एक नव्हे. बोदलेअर या फ्रेंच कवीनें १८४६ मध्यें लिहिलें कीं रोमँटिकपणा विषयांत नसून अनुभवण्याच्या रीतींत असतो. तें या तिघांकडे पाहिलें म्हणजे पटतें.

आतां अँग्रकडे वळूं. तो दाव्हिदचा शिष्य, जन्म १७८०. रेखाटन हेंच कलेचें इमान, अशी त्याची शिकवण. परंतु त्याच्या चित्रांतील रेषा कधीं कधीं निसर्गाचें इमान मुळींच पाळीत नाहीं. १८१४ च्या 'महान ओडालिस्क' या चित्रांतील तुर्की जनानखान्यांतल्या स्त्रीची पाठ इतकी लांब आहे कीं टीकाकारांनीं तिला मणके जास्त आहेत अशी थट्टा केली. रेषेच्या सौंदर्यासाठीं त्यानें हाडें वाढविलीं! आणि विषय पाहावा तर पूर्वेकडचा, म्हणजे रोमँटिकांच्या आवडीचा. उलट देलाक्र्वाच्या १८३० च्या 'जनतेची अग्रणी स्वातंत्र्यदेवता' या चित्रांत धुरांतून पुढें येणारी ती देवता जुन्या ग्रीक मूर्तीचीच वंशज आहे. दोन्ही पक्षांनीं एकमेकांच्या घरांतून इतकी उचल केलेली असतांना भांडण मात्र अखेरपर्यंत मिटलें नाहीं.

त्या भांडणाची खरी झळ लागली ती ग्रोला. ब्रुसेल्सहून दाव्हिद त्याला पत्रें लिही, कीं समकालीन प्रसंगांत वेळ दवडूं नकोस, प्लूटार्क उघडून प्राचीन वीरांचे विषय घे. ग्रोनें गुरूची आज्ञा शिरसावंद्य मानली. ज्या रंगानें आणि आवेशानें त्याला मोठें केलें होतें, तो रंग व तो आवेश त्यानें स्वतःवर जुलूम करून दाबला, आणि पुढच्या पिढींत तेच गुण दिसले तेव्हां तो संतापला. देलाक्र्वाच्या १८२२ सालच्या पहिल्या चित्राची त्यानें तोंड भरून स्तुति केली होती. किऑसच्या चित्रापाशीं मात्र त्याला आपलेंच दडपलेलें तारुण्य भेटलें असावें. १८३५ मध्यें त्याचें हर्क्युलीस व डायोमिडिस यांचें प्राचीन विषयावरील चित्र सालोंमध्यें लागलें. टीकाकारांनीं त्याची कुचेष्टा केली. त्याच वर्षीं जूनच्या अखेरीस पॅरिसजवळ सेन नदींत त्याचें प्रेत सांपडलें. त्यानें आत्महत्या केली होती. त्याचें वय ६४ होतें.

१८४८ मध्यें ग्रोवर एक विस्तृत आणि आदरपूर्ण लेख प्रसिद्ध झाला. तो लिहिणारा देलाक्र्वा. याफा आणि आयलाऊ या चित्रांचें ऋण त्यानें त्यांत मनमोकळेपणानें मान्य केलें आहे.

स्वतः देलाक्र्वाला कलामंदिराच्या अकादमींत शिरण्यास वीस वर्षें लागलीं. १८३७ पासून तो अर्ज करीत होता, दर वेळीं नाकारला जात होता, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत अँग्र अग्रभागीं होता. १८५५ च्या पॅरिस येथील जागतिक प्रदर्शनांत सरकारनें दोघांनाही त्यांचीं चित्रें एकत्र मांडण्यास मोठी जागा देऊन समान मान दिला. १८५७ च्या जानेवारींत देलाक्र्वाची अखेर निवड झाली. तो १८६३ मध्यें वारला. त्याच्याहून अठरा वर्षांनीं वडील असलेला अँग्र १८६७ पर्यंत हयात होता. आज होरेशियांची शपथ आणि मेदुसाचा तराफा हीं दोन्ही चित्रें लूव्रमध्येंच, तांबड्या भिंतींच्या दोन लांब दालनांत टांगलेलीं आहेत, आणि एका दालनांतून दुसऱ्या दालनांत जाण्यास मध्यें एकच खोली ओलांडावी लागते.